कडेचा दगड

आमची आजी बिलोलीकडची. पावसाळ्यात तिचा एक प्रश्न ठरलेला असे, "मांजरेला उतार पडला का रे?" नदी पायी ओलांडण्याजोगी झाली का, एवढाच त्याचा अर्थ. हैदराबादेत, नामपल्लीत येऊन तिला चाळीस वर्षं झाली होती, खिडकीतून नदी नव्हे तर रेल्वेचे रूळ दिसायचे. तरी आभाळ उघडलं की ती विचारायचीच. उतार असतो तो रस्त्याला, एवढंच तेव्हा मला ठाऊक. नदीलाही उतार असतो आणि तो शोधावा लागतो, हे कळलं जीपचं स्टिअरिंग हातात आल्यावर.

वीस-बावीस वर्षं मी सर्वेक्षणाच्या पथकांच्या जीप चालवल्या. उटनूर, तिर्याणी, आसिफाबाद आणि पुढे गडचिरोली. ओढ्याला तेलुगूत वागू म्हणतात. उन्हाळ्यात ज्यात शेळ्या बसतात तो वागू श्रावणात छातीभर होतो. भामरागडला पर्लकोटेचा ठेंगणा पूल पाण्याखाली गेला की पलीकडच्यांचा जगाशी संबंध तुटायचा, तोही दर पावसाळ्यात. या सगळ्या पाण्यात गाडी घालायला मला शिकवलं ते मात्र नामपल्लीच्या उस्तादांनी. स्टेशनमागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. नुमाइशच्या, म्हणजे मोठ्या प्रदर्शनाच्या दिवसांत, जानेवारीत, त्या गल्लीतून सायकलसुद्धा निघत नाही. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला नदीचं इतकं कसं कळायचं, याचं मला शेवटपर्यंत नवल वाटलं.

पहिल्या फेरीला ते माझ्यासोबत आले होते. उटनूरकडच्या एका ओढ्याशी आम्ही थांबलो. मी इंजिन चालू ठेवून तयार. उस्ताद खाली उतरले, एक पांढरट दगड उचलून पाण्याच्या अगदी कडेला ठेवला आणि बिडी पेटवली. "उतरो मियाँ. पत्थर कू देखते बैठो." बिडी संपेपर्यंत दगड अर्धा बुडाला होता. "चलो, चाय पियेंगे," म्हणाले. तीन तास आम्ही गावातल्या टपरीवर काढले. परत आलो तेव्हा दगड मोकळा होता आणि त्याच्या पुढे दोन हात ओली वाळू दिसत होती. पाणी चढतंय की उतरतंय, हे त्याच्या रंगावरून, आवाजावरून ओळखता येतं असं सांगणारे पुष्कळ भेटले. मी दगडावर विश्वास ठेवतो.

मग काठी. काठी घेऊन पायी ओढा ओलांडायचा, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या माणसाकडे. तळ वाळूचा आहे की गोट्यांचा, गाळात काठी किती जाते, मध्ये खड्डा आहे का, हे पायाला कळतं तसं डोळ्याला कळत नाही. आणि जिथून पायी जायची छाती होत नाही तिथे गाडी घालायची नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. मांडीभर पाणी माणसाला ओढू लागलं तर ते जीपच्या रुंद कुशीला काय करेल याचा हिशेब तिथेच होतो.

ओलांडायची जागा कुठली? 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण आपण माणसांना टोमणा म्हणून मारतो. आमच्या धंद्यात ती वाट दाखवते. जिथे पाणी पसरट होऊन गोट्यांवरून खळखळतं तिथे उतार. जिथे ते शहाण्यासारखं गप्प, गुळगुळीत वाहतं तिथे डोह. वळणाच्या बाहेरच्या अंगाला नदी काठ खात जाते, तिथे खोल. आतल्या अंगाला वाळू टाकते, पण ती वाळू चाक गिळते. बैलगाडीच्या चाकोऱ्या पाण्यात उतरताना दिसल्या तर निम्मं काम झालं, कारण पुढे धोका असला की बैल थबकतो. इंजिनाला तेवढी अक्कल नाही.

आता माझी फजिती. शिकून दोन वर्षं झाली होती, म्हणजे सगळं येतं असं वाटण्याचा काळ. तिर्याणीच्या वाटेवर एक ओढा, पाणी बंपरच्या वर. दगड ठेवला, काठी घेतली, सगळं रीतसर. फॅनचा पट्टा सैल केला, नाहीतर पाती पाण्यात वाकून रेडिएटरला भिडतात. जाळीवर ताडपत्री बांधली. फोर-लो, दुसरा गिअर. अर्ध्यात आल्यावर पाणी बॉनेटला लागलं आणि मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला. लाट बॉनेटवरून चढली, इंजिनानं एक उचकी दिली आणि बंद पडलं. तिथेही वाचलो असतो. पण मी किल्ली फिरवली.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आमच्या डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की त्याच्या डोक्यावर उरणारी जागा असते तीसेक मिलिलिटरची. इराणी हॉटेलातल्या चहाच्या कपाचा तिसरा हिस्सा म्हणा. तेवढं पाणी त्या जागेत शिरलं की पिस्टनला वर जायला वाट उरत नाही, आणि स्टार्टरचा जोर मग कनेक्टिंग रॉडवर निघतो. 'टक' असा एक आवाज आला. खरं तर इंजेक्टर काढून इंजिन फिरवायचं असतं, पाणी कारंज्यासारखं बाहेर पडतं आणि गाडी वाचते. ते मला ठाऊकही होतं. बैलांनी आम्हाला बाहेर ओढलं.

गॅरेजात इंजिन खोललं तेव्हा उस्ताद एक शब्द बोलले नाहीत. तेल काढलं तर ते ताकासारखं पांढरं. मागच्या डिफरन्शियलमध्येही तेच: तापलेली पेटी गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि जुनाट सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून पाण्याआधी गाडीला दहा मिनिटं थंड होऊ द्यायची. रॉड त्यांनी काचेवर आडवा ठेवला. नुसत्या डोळ्यांना सरळच वाटत होता. काच आणि रॉड यांच्यामध्ये त्यांनी ब्लेडचं पातं सरकवलं, ते सरकलं, मग दुसरं, मग तिसरं. तसाच घातला असता तर हजार-दोन हजार किलोमीटरांनी तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला असता. तो रॉड त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगला आणि मला चहा आणायला पाठवलं.

वेगाची गोष्ट मला त्या रॉडनं शिकवली. पाण्यात शिरताना सावकाश, आणि नाक आत गेलं की माणूस चालतो त्या चालीनं, एकसारखं. मग गाडीपुढे एक लाट तयार होते आणि तिच्यामागे, नेमकी इंजिनाच्या जागी, पाण्याला खळगा पडतो. त्या खळग्यात राहायचं. घाई केली की लाट अंगावर येते, कच खाल्ली की मागून भरते. मध्ये गिअर बदलायचा नाही, क्लचवर पाय नाही. गाडीला दारं असतील तर खिडक्या उघड्या. बाहेर आल्यावर ब्रेक हलकेच दाबत वाळवायचे; हे विसरून पुढच्या उतरणीला लागलेले मी पाहिलेत.

नव्या गाड्यांना कंपनी आकडा देते. 2020 च्या थारला 650 मिलिमीटर, गुरखाला 700, शिवाय कारखान्यातूनच वर काढलेलं हवेचं नळकांडं. आकडे खरे आहेत, पण ते उभ्या पाण्याचे समजावेत. वाहतं पाणी दोन फूट झालं की बहुतेक मोटारींना उचलतं. गाडीनं जितके लिटर पाणी बाजूला सारलं तितके किलो तिचं वजन घटतं, त्यामुळे घट्ट दारांची नवी गाडी लवकर तरंगते. आमची बिनदाराची जीप आत पाणी घ्यायची आणि तळाला चिकटून राहायची. थारवाली पोरं उथळ ओढ्यात दहा वेळा मागेपुढे करून रील काढतात, तळ ढवळून टाकतात, पाण्यावर तेलाचा तवंग सोडून जातात. त्यांना शिकवायला उस्ताद राहिले नाहीत.

आमच्या शहराची तर दंतकथाच पुरातल्या उतारावर उभी आहे. राजपुत्र मुहम्मद कुली पलीकडच्या प्रेयसी भागमतीसाठी दुथडी भरलेल्या मुसी नदीत घोडा घालतो, म्हणून धास्तावलेला बाप, इब्राहीम कुतुबशाह, पूल बांधून देतो. तोच 1578 चा पुराना पूल. हिशेब मांडला तर राजपुत्र तेव्हा बारा-तेरा वर्षांचा, त्यामुळे इतिहासकार मान हलवतात. माझी शंका वेगळी आहे. पुरात घोडा घालणारा पोरगा पुन्हा पुन्हा घरी कसा आला? 28 सप्टेंबर 1908 ला त्याच मुसीनं हजारो माणसं नेली. अफझल पूल गेला, पुराना पूल राहिला. आजच्या उस्मानिया दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेवर चढून दीडशे माणसं वाचल्याचं सांगतात. ते झाड अजून आहे. मग विश्वेश्वरय्यांना बोलावणं गेलं, आणि वर उस्मान सागर, हिमायत सागर ही धरणं झाली. तरी त्यांचे दरवाजे उघडले की मूसारामबागचा बुटका पूल बुडायचा आणि पोलीस अडथळे लावायचे. त्या अडथळ्यांना वळसा घालून कुणीतरी स्कूटर पुढे काढायचंच.

13 ऑक्टोबर 2020 च्या रात्री आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं. जुन्या शहरात मोटारी वाहत असल्याचे व्हिडिओ फोनवर येत होते. शेजारचा मुलगा धावत आला, "काका, मेहदीपट्टणमला आई अडकलीय, तुमची जीप काढा ना." जीपच्या मानानं हे पाणी काहीच नव्हतं. मी पायरीच्या कडेला एक वीट ठेवली आणि काठी घेऊन खाली उतरलो. पंचवीस पावलांवर काठी एकदम खाली गेली, कोपरापर्यंत. मॅनहोलचं झाकण उचललं गेलं होतं, आणि वरून पाणी तळ्यासारखं शांत. ओढ्याला चाकोऱ्या असतात, गोटे असतात, खळखळ असते. रस्त्यावरच्या पाण्यात यातलं काहीच नसतं. परतलो तेव्हा वीट दिसत नव्हती.

मुलाच्या आईला फोन लावून दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे थांबायला सांगितलं. काठीला लाल फडकं बांधून ती त्या भोकात उभी केली आणि पाणी ओसरेपर्यंत आम्ही दोघं पाळीपाळीनं तिच्याशी कंदील धरून उभे राहिलो. जीप काढलीच नाही.