नांदेड ते लातूर : गणिताची सहल

शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली, की आमच्या मराठवाड्यातल्या शाळांमध्ये सकाळचे जादा तास सुरू होतात. थंडीचे दिवस, अंगात स्वेटर, कानाला रुमाल आणि फळ्यावर नळ-टाकीचं गणित! महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. पहिल्या पेपरात ७५ प्रश्न असतात आणि त्यांतले ५० गणिताचे. वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला किती वेळ मिळाला? भागून पाहा. फक्त ७२ सेकंद!

हा आकडा ऐकला, की पुष्कळ मुलांच्या पोटात गोळा येतो. "मला येतंय गुरुजी, पण वेळ लागायलाय," असं सांगणारी मुलं दरवर्षी माझ्या वर्गात असतात. त्यांतली काही हळूच मागच्या ओळीत सरकतात आणि स्वतःच स्वतःला 'ढ' ठरवून मोकळी होतात. अशा सगळ्यांसाठी आज आपण एक सहल काढू. नांदेडहून लातूरला, एस.टी.ने. अंतर सुमारे १४० किलोमीटर. सोबत एक वही आणि एक पेन्सिल. घाई अजिबात करायची नाही.

नांदेडहून गाडी लातूरच्या वाटेला लागली, की गोदावरीचा पूल येतो. गाडीतली आजी-आजोबा मंडळी नदीला हात जोडतात. आपणही जोडू आणि मग सेकंद मोजू. समजा, गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे ३,६०० सेकंदांत ३६,००० मीटर, अर्थात एका सेकंदात १० मीटर. पूल ओलांडायला ३० सेकंद लागले, तर पुलाची लांबी ३०० मीटर. पाहा, टेप न लावता पूल मोजून झाला!

आता यातली मेख पाहा. तेवढ्याच लांबीच्या पुलावरून, तेवढ्याच वेगाने, २०० मीटर लांबीची आगगाडी गेली तर? पुष्कळ जण ३० सेकंद असंच लिहितात. पण इंजिन पुलापलीकडे गेलं, तरी गार्डाचा डबा अजून पुलावरच असतो की नाही? तोही पार व्हायला हवा. म्हणून ५०० मीटर आणि ५० सेकंद. हे सूत्र पाठ करायची गरजच नाही. डोळे मिटून आगगाडी बघता आली, की झालं.

पुढे लोहा लागतं. तिथून आडवाटेने थोडं आत गेलं, की कंधार. तिथला किल्ला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला, म्हणजे दहाव्या शतकातला मानतात. भोवती रुंद खंदक आहे. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, गणिताच्या सहलीत किल्ला कशाला?" सांगतो.

हे राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी. हे लट्टलूर म्हणजेच आपलं लातूर, असं बहुतेक इतिहासकार मानतात. याच घराण्यात नवव्या शतकात अमोघवर्ष नावाचा राजा होऊन गेला. त्याच्या काळात, इसवी सन ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ लिहिला. तो संस्कृतात आहे आणि त्यात फक्त गणित आहे. गाणं, स्वयंपाक, वैद्यक, घरबांधणी अशा सगळ्यांत गणित लागतं, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

महावीराचार्यांना संख्यांच्या माळा करायची हौस होती. १३९ ला १०९ ने गुणा. उत्तर येतं १५१५१. उजवीकडून वाचा, नाहीतर डावीकडून, माळ तीच! एवढ्या मोठ्या गणितज्ञाची एक चूकही ऐकून ठेवा. संख्येला शून्याने भागलं तर ती तशीच राहते, असं त्यांनी लिहिलं होतं. आज आपण शिकतो, की शून्याने भागताच येत नाही. तेव्हा वहीत लाल फुली आली, म्हणून रडायचं कारण नाही.

अहमदपूर, चाकूर मागे टाकत आपण लातूरला पोचतो. गावाच्या मधोमध गंजगोलाई आहे. गोल इमारत, मध्ये देवीचं मंदिर, भोवती बाजार आणि चारी अंगांनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. एकदा मुलांना इथे आणलं, तेव्हा विचारलं, "एका रस्त्याने गोलाईत यायचं आणि दुसऱ्या रस्त्याने बाहेर पडायचं. किती प्रकारे जमेल?"

चटपटीत मुलं लगेच ओरडली. कुणी ३२ म्हणालं, कुणी २५६. एक मुलगा मात्र गप्प होता. वर्गात सगळ्यांत शेवटी वही देणारा. तो खाली बसला आणि धुळीत काडीने रेघा ओढू लागला. आधी तीनच रस्ते काढले आणि एकेक प्रकार मोजला. सहा झाले. मग चार रस्ते, बारा प्रकार. पाच रस्ते, वीस. मग म्हणाला, "गुरुजी, यायला जितके रस्ते, जायला त्याच्यापेक्षा एक कमी." तीन गुणिले दोन, चार गुणिले तीन, पाच गुणिले चार. म्हणून सोळा गुणिले पंधरा, बरोबर २४०!

त्याला चांगली पंधरा मिनिटं लागली. पण पुढच्या आठवड्यात सराव पेपरात प्रश्न आला : कबड्डीचे १६ संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एकदा सामना, तर एकूण सामने किती? यात अ विरुद्ध ब आणि ब विरुद्ध अ हा एकच सामना. म्हणून २४० चे निम्मे, १२०. हे उत्तर त्याने सगळ्यांच्या आधी दिलं. एकदा सावकाश समजून घेतलं, की वेग मागून येतो.

लातूरच्या रेल्वे स्टेशनवरही एक गणित आहे. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने इथे पाणी आणलं होतं. गाडीचं नाव 'जलदूत'. एप्रिलमधल्या पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, एकेका टाकीत सुमारे ५० हजार लिटर. म्हणजे पाच लाख लिटर. ऐकायला केवढं मोठं वाटतं! आता शहरातली माणसं साधारण चार लाख धरा. माणशी आलं सव्वा लिटर, एका तांब्याएवढं. पुढे ५० टाक्यांची गाडी येऊ लागली, तेव्हा माणशी सव्वासहा लिटर. मोठ्या आकड्याला बिचकायचं नाही, तो किती जणांत वाटायचा ते आधी विचारायचं. पाण्याची किंमतही या भागाकारातून कळते.

लातूर म्हटलं, की 'लातूर पॅटर्न' आठवतो. गावोगावची मुलं इथे खोल्या करून राहतात आणि पेपरवर पेपर सोडवतात. सराव हवाच, त्यात वाद नाही. पण जगातली शालेय गणिताची सगळ्यांत मोठी स्पर्धा, आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड, कशी असते ठाऊक आहे? ती १९५९ साली रुमानियात सुरू झाली आणि १९९६ साली आपल्या मुंबईत भरली होती. तिथे दोन दिवस पेपर असतो. रोज तीनच गणितं आणि वेळ साडेचार तास. म्हणजे एका गणिताला दीड तास! देशोदेशीची हुशार मुलं एका प्रश्नापाशी दीड-दीड तास बसतात. मग आपल्याला पंधरा मिनिटं लागली, तर आपण ढ कसे?

म्हणून तयारी करताना रोज एक गणित असं निवडा, की ज्याला घड्याळ लावायचं नाही. चित्र काढा, लहान आकडे घेऊन पाहा, चुका, पुन्हा करा. बाकीच्या गणितांना खुशाल ७२ सेकंद लावा.

आजचं बिनघड्याळाचं गणित देतो. महावीराचार्यांच्या दोन माळा : १५२२०७ गुणिले ७३ आणि २७९९४६८१ गुणिले ४४१. कॅल्क्युलेटर न घेता करा. उत्तर बरोबर आलं, की सांगायला गुरुजी लागणार नाहीत. माळ स्वतःच सांगेल!