शनिवारचे अकराजण

मैत्रिणींनो, शनिवारी दुपारची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की आपण जरा पाठ टेकतो. आमच्या कोथरूडच्या घरात मात्र ऑगस्टपासून मेपर्यंत नेमकी त्याच वेळी सभा भरते. मुलगा मोबाईल घेऊन सोफ्यावर, शेजारी सूनबाई, आरामखुर्चीत आमचे हे. विषय एकच : आज कोणाला खेळवायचं, कोणाला बाकावर बसवायचं आणि कर्णधार कोणाला करायचं!

तुम्ही म्हणाल, मुलगा कुठल्या संघाचा प्रशिक्षक आहे की काय? छे हो! हिंजवडीला संगणकाची नोकरी करतो. बालेवाडीला एफसी पुणे सिटीचे सामने व्हायचे, तेव्हा तो आणि त्याचे मित्र तिथे ओरडून घसे बसवून यायचे. २०१९ मध्ये तो संघच बंद झाला. मग ही मंडळी इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये जीव गुंतवून बसली आणि 'फॅन्टसी प्रीमियर लीग' नावाचा खेळ खेळू लागली. २००२ पासून चालू असलेला हा खेळ आज जगभरात एक कोटीहून जास्त लोक खेळतात. मी तर त्याला मोठ्यांची भातुकली म्हणते. खरा संघ नाही, खरं मैदान नाही, मांडामांड मात्र अगदी खरी!

पहिला प्रश्न तुमच्या मनात येईल तोच माझ्याही मनात आला होता : यात पैसे जातात का? तर नाही. हा खेळ फुकट आहे. पैसे लावून खेळायचे खेळ निराळे. क्रिकेटच्या नावाने ते आपल्याकडे घराघरांत शिरले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि ड्रीम११सारख्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. तरीही मुलं मोबाईलवर संघ लावताना दिसली, तर शेजारी बसून 'यात पैसे भरावे लागतात का रे?' एवढं विचाराच. विचारण्यात कमीपणा नाही.

आता खेळ सांगते, म्हणजे पुढचं लक्षात येईल. प्रत्येकाला खोटे १०० दशलक्ष पौंड मिळतात. त्यात खऱ्या खेळाडूंपैकी पंधराजण घ्यायचे : दोन गोलरक्षक, पाच बचावाचे, पाच मधल्या फळीचे, तीन आघाडीचे. एका क्लबातले तीनच घेता येतात. दर आठवड्याला पंधरांतले अकरा खेळवायचे, चार बाकावर. खऱ्या सामन्यांत त्यांनी जे केलं, त्याचे गुण आपल्या खात्यात. कर्णधाराचे गुण दुप्पट.

हे ऐकलं आणि मला हसूच आलं. अहो, हा तर आपला महिन्याचा जमाखर्च! २०२४-२५ च्या हंगामाच्या सुरुवातीला एकट्या हालंडची किंमत होती १५ आणि सालाहची १२.५. दोघांतच २७.५ गेले. उरलेल्या ७२.५ मध्ये तेराजण बसवायचे. एकीकडे लग्नाची पैठणी घेतली की दुसरीकडे पडद्यांचं कापड साधंच घ्यावं लागतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि साधं कापड निवडतानाच खरी नजर लागते. महाग खेळाडू तर कोणीही सांगेल!

सभेत ह्यांचं मत ठरलेलं असतं. गेल्या आठवड्यात ज्याने तीन गोल मारले, त्याला आज घ्या. सूनबाई शांतपणे विचारते, 'बाबा, पण आज त्याच्यासमोर कोण आहे?' पोरीचा प्रश्न अगदी बरोबर. गेल्या गुरुवारी पौड रस्त्यावर कोथिंबीर स्वस्त मिळाली, म्हणून या गुरुवारीही मिळेल असं थोडंच आहे? पाऊस कसा झाला, माल किती आला, ते बघायला नको?

दुसरी गोष्ट बदलाची. आठवड्याला एक खेळाडू फुकट बदलता येतो. नाही बदलला तर ती संधी पुढे साठते, पाचपर्यंत. पण फुकटच्या पलीकडे एक जरी बदल केला तरी चार गुण वजा! मला हा नियम फार आवडला. घरातही बदलाला किंमत असते, फक्त ती कुणी आकड्यात मांडत नाही. शाळा बदलायची म्हटलं की नवा गणवेश, नवी रिक्षा, नव्या बाई आणि पोराचे रडके पंधरा दिवस. हे चार गुण वजा करूनही फायदा उरतो का, हे आधी बघावं.

तिसरी गोष्ट बाकावरच्या चौघांची. अकरांतला एखादा अजिबात मैदानात उतरला नाही, तर बाकावरचा आपोआप त्याच्या जागी येतो. कोण आधी येणार, तो क्रमही आपणच लावून ठेवायचा. घाईघाईत लोक हा क्रम बघतच नाहीत. आपल्या फडताळातला डाळ-तांदळाचा जास्तीचा डबा किंवा शेजारणीकडे ठेवलेली घराची दुसरी किल्ली यांचंही तसंच. गरज पडेपर्यंत कुणाला त्यांची आठवण नसते.

आणि हे सगळं ठरवायचं ते वेळेत. त्या आठवड्याच्या पहिल्या सामन्याच्या नव्वद मिनिटं आधी दार बंद होतं. तिकडे शनिवारी साडेबाराचा सामना असला, तर आपल्याकडे उन्हाळी वेळेप्रमाणे दुपारी साडेतीन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, मग साडेचार. आमचा शनिवारचा चहासुद्धा त्याच हिशेबाने पुढेमागे सरकतो!

फुटबॉल मला तसा नवा नाही. माझं माहेर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. तिथे फुटबॉल हा पेठांचा खेळ. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा ही नावं आम्ही पाढ्यांबरोबर शिकलो. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ ओस पडायची, आणि आपला संघ हरला की रात्री कोपऱ्याकोपऱ्यावर सगळं खापर गोलरक्षकाच्या डोक्यावर फुटायचं. माझे वडील त्या घोळक्यात एकटेच म्हणायचे, "गोल गेला म्हणून गोली वाईट ठरत न्हाई. हुबा कुठं हुता त्ये बघा!" लहानपणी त्याचा अर्थ मला कळायचा नाही. कळला तो एका शनिवारी, इथे कोथरूडला.

त्या शनिवारी मुलाने हालंडला कर्णधार केलं होतं. सामना घरच्या मैदानावर, समोर गुणतक्त्यात तळाला असलेला संघ. कोणीही तेच केलं असतं. पण गोल काही झाला नाही. पूर्ण वेळ खेळल्याचे दोन, दुप्पट होऊन चार. आणि ज्या स्वस्त बचावपटूला बाकावर बसवलं होतं, त्याने नेमका गोल मारला, वर त्याच्या संघाने एकही गोल खाल्ला नाही. खेळल्याचे २, गोलचे ६, गोल न खाल्ल्याचे ४, असे बारा गुण बाकावर वाया! ह्यांनी 'तरी मी सांगत होतो' सुरू केलं. मुलगा मात्र शांत. म्हणाला, "बाबा, निर्णय बरोबरच होता, निकाल वाकडा लागला. पुन्हा असा सामना आला तर पुन्हा ह्यालाच कर्णधार करीन."

ते वाक्य माझ्या मनात राहिलं. बाईने घरात घेतलेल्या निर्णयाला असा न्याय मिळालेला तुम्ही कधी पाहिलाय का? आपल्याकडे हिशेब सोपा असतो. चांगलं झालं तर नशीब, बिघडलं तर तिची निवड!

पुढे दोनच महिन्यांत तशी वेळ आली. सूनबाई वनाजहून मेट्रोने कामाला जाते. नातवासाठी तिने पाळणाघर निवडलं होतं. एक नाही, तीन बघितली होती. स्वयंपाकघर पाहिलं, संडास-बाथरूम पाहिलं, तिथे मुलं ठेवणाऱ्या चौघीजणींना विचारलं, जाण्यायेण्याच्या वाटेवर कुठलं पडतं तेही पाहिलं, मग ठरवलं. नातू रमलाही होता. पण चौथ्या महिन्यात ते चालवणाऱ्या बाईंच्या घरी मोठं आजारपण आलं, त्या गावी निघून गेल्या आणि पाळणाघराला कुलूप लागलं. आगाऊ भरलेली फी अडकली ती वेगळीच.

झालं! ज्याला त्याला शहाणपण सुचलं. "घाई केली." "मोठ्या ठिकाणी टाकायला हवं होतं." आणि आमचे चिरंजीवही म्हणाले, "मला वाटतच होतं, अजून जरा बघायला हवं होतं." सूनबाई काही बोलली नाही. भाजी चिरत होती, चिरतच राहिली. पण सुरीचा आवाज बदलला होता. तो आवाज तुम्हाला मी वेगळा सांगायला नको.

मी मुलाला एवढंच विचारलं, "तिने ठरवलं त्या दिवशी तुला असं काय माहीत होतं, जे तिला माहीत नव्हतं?"

तो गप्प.

"काहीच नाही ना? मग शनिवारी हालंडला जो न्याय देतोस, तो सोमवारी बायकोला का नाही?"

मला वाटलं, रागावेल. तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. आत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, ऐकायचंही नव्हतं. पण त्या शनिवारी तीन वाजता सभा भरली नाही. दोघं मिळून डहाणूकर कॉलनीकडे पाळणाघरं बघायला गेली होती. आपण काही केलं नाही तर गेल्या आठवड्याचाच संघ पुढे चालू राहतो. त्या दिवशी तो तसाच खेळला आणि कुणाचं काही अडलं नाही.

मैत्रिणींनो, याचा अर्थ दर वेळी निकालाला दोष देऊन मोकळं व्हायचं, असा मुळीच नाही. हंगाम अडतीस आठवड्यांचा असतो. एक शनिवार कुणालाही दगा देतो. पण त्याच कारणासाठी घेतलेला निर्णय तीन-चारदा फसला, तर ते कारणच तपासायला हवं. त्यासाठी कारण लक्षात राहायला हवं ना? नाहीतर निकाल कळल्यावर आपलंच मन खोटं बोलतं. वाटतं, आपल्याला आधीच कळलं होतं!

म्हणून आमच्या घरी आता एक साधी रीत आहे, तुम्हीही करून बघा. मोठं काही ठरवलं की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात एक ओळ लिहायची : काय ठरवलं आणि का. 'हाच क्लास, कारण चालत जाता येतं.' 'फ्रिज यंदा नको, कारण दुरुस्ती स्वस्तात होते.' बस, एवढंच. महिन्यांनी काही बिघडलं तर ती ओळ वाचायची. माहिती घ्यायची राहिली होती का? असेल तर पुढच्या वेळी घेऊ. कळण्यासारखंच नव्हतं का? मग मनाला लावून घ्यायचं नाही आणि दुसऱ्याच्याही लावायचं नाही. आमच्या कॅलेंडरात सूनबाईच्या ओळी सगळ्यांत जास्त आहेत. घरातली निम्मी अधिक कामं तीच ठरवते, हेसुद्धा ते चौकोन बघूनच सगळ्यांच्या ध्यानात आलं.

आणि या रीतीचा एक फायदा आणखी आहे. घरात कुणी 'मी म्हटलंच होतं' असं म्हणालं, की भांडायचं नाही. कॅलेंडर काढून पुढ्यात ठेवायचं आणि गोड आवाजात विचारायचं, "कधी म्हटलं होतंत? तारीख सांगा बरं!"