रंगीत तालीम

इमर्जन्सी मेडिसिन या विषयातील तीन वर्षांचे एम.डी. पूर्ण झाल्यावर मी नोकरी न स्वीकारता वैद्यकीय सिम्युलेशनची एक वर्षाची फेलोशिप करण्याचे ठरवले. माहीमच्या आमच्या घरात हा निर्णय सहज पटणारा नव्हता. बेस्टमध्ये वाहक असलेल्या बाबांच्या पगारावर आम्हा दोघी बहिणींची शिक्षणे झाली. आता घराला माझ्या पूर्ण पगाराची अपेक्षा होती. "जिवंत पेशंट सोडून पुतळ्यांवर कसले उपचार करणार गं?" हा आईचा प्रश्नही रास्तच होता. त्याचे उत्तर या स्मरणिकेत मांडते, कारण ते केवळ आमच्या घरापुरते नाही.

सिम्युलेशन म्हणजे उपचारांची रंगीत तालीम. नॉर्वेतील खेळणी बनवणारे आसमुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकवण्यासाठी 'रेससी अ‍ॅन' ही बाहुली तयार केली. आजच्या पुतळ्याची नाडी हाताला लागते, छाती वरखाली होते आणि काचेपलीकडे बसलेला प्रशिक्षक त्याच्या तोंडून बोलतो. उपचार चुकले तर पुतळ्याची प्रकृती ढासळते. परंतु कोणाच्या घरचे माणूस जात नाही.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात बॉम्बस्फोट झाले, त्यांतील एक माहीमजवळ. मी तेव्हा आपल्या वसतिगृहात होते. बाबा सुखरूप असल्याचा निरोप रात्री उशिरा पोहोचला. पुढे डॉक्टर झाल्यावर त्या संध्याकाळचा वेगळा विचार मनात आला. एकाच वेळी अनेक जखमी दारात आले, तर आधी कोणाला पाहायचे, रक्त कोणी मागवायचे, नातेवाईकांशी कोणी बोलायचे? याची तालीम प्रत्यक्ष आपत्तीच्या वेळी करता येत नाही. ती आधीच झालेली असावी लागते. भारतात इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली तीही २००९ मध्ये.

याहून मोठे कारण आहे. आपल्याकडे असंख्य डॉक्टर सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत घडतात. तेथे येणारा रुग्ण बहुधा गरीब, खाजगी उपचार न परवडणारा असतो. शिकणाऱ्याचा पहिला, अस्थिर हात त्याच्याच शरीरावर पडतो. साऱ्या समाजासाठी डॉक्टर तयार होतात आणि त्यांच्या शिकण्याची किंमत आपल्या वस्तीतील माणसे मोजतात. तो पहिला प्रयत्न पुतळ्यावर व्हावा, एवढीच माझी इच्छा आहे. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या नव्या अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळेला स्थान मिळाले. परंतु खोलीत पुतळा आणून ठेवल्याने शिक्षण होत नाही. त्यासाठी शिकवणारे हवेत.

फेलोशिपमध्ये मी प्रसंग लिहायला, ते घडवायला आणि नंतरची चर्चा चालवायला शिकते. खरे शिक्षण त्या चर्चेतच होते. कोणावर दोष न ठेवता कोणी काय पाहिले आणि काय बोलायचे टाळले, हे शोधले जाते. अनेकदा परिचारिकेच्या लक्षात गफलत आलेली असते; पण मोठ्या डॉक्टरांना सांगण्याचे धाडस होत नाही. "सर, थांबा, हे औषध दिले गेले आहे," हे वाक्य उच्चारण्याचीही तालीम करावी लागते. हुद्द्यापेक्षा रुग्णाचा जीव मोठा, हे भाषणातून कळते; अंगवळणी पडते ते सरावाने.

पुतळा रुग्णाची जागा घेऊ शकत नाही. त्याला भीती वाटत नाही, त्याची म्हातारी आई बाहेर बसलेली नसते. म्हणून मी आठवड्यातून दोन रात्रपाळ्या इमर्जन्सी विभागात करते; त्यातून घरालाही हातभार लागतो. आईची शंका पूर्ण फिटलेली नाही. मात्र शेजारणींना ती आता "मुलगी डॉक्टरांना शिकवते" असे सांगते.

शाळेला माझी एक विनंती आहे. आठवीपासूनच्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी एक दिवस हृदयबंद पडलेल्या माणसाला छातीदाब देण्याच्या शिक्षणासाठी राखावा. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढ माणसाच्या छातीवर किमान ५ सेंटिमीटर खोल. एवढे शिकायला डॉक्टर असावे लागत नाही. पुतळा घेऊन मी येईन.