साताऱ्याचा उतार, सांगलीची बैठक आणि पन्नाशीपूर्वीचे गुडघे

सातारा डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे, हे नकाशावरून समजते. उमजते मात्र गुडघ्यांना. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीच्या या गावाच्या माथ्यावर अजिंक्यतारा उभा आहे. एका अंगाने यवतेश्वरचा घाट कासच्या पठाराकडे चढतो, दुसऱ्या अंगाने परळीची वाट सज्जनगडापाशी पोहोचते. तिथून आगगाडीने कृष्णेच्या खोऱ्यात उतरत सांगलीला जावे, तर भूमी हळूहळू सपाट होत जाते आणि उंची सुमारे दोनशे मीटरने कमी होते. वाचकहो, हा जेमतेम सव्वाशे किलोमीटरांचा प्रवास आहे. पण पंचेचाळिशी-पन्नाशीत ज्यांचे गुडघे दुखू लागले आहेत आणि ‘आताच बदलून घ्यावेत की थांबावे?’ या प्रश्नाने ज्यांची झोप उडवली आहे, त्यांना या वाटेवर बरेच काही उलगडू शकते.

उताराचा पहिला इशारा

सज्जनगडावर गाडीरस्ता संपला की पायऱ्या सुरू होतात. समर्थांच्या समाधीच्या दर्शनाला निघालेली माणसे चढताना धापा टाकतात, पण हसत असतात. उतरताना पाहा. कोणी कठड्याचा आधार घेतो, कोणी तिरके पाऊल टाकतो, कोणी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय एकत्र आणतो. चढताना छाती बोलते आणि उतरताना गुडघा.

यामागे निश्चित गणित आहे. बर्लिनमधील संशोधकांनी रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच भारमापक बसवून मोजमाप केले. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून थोडा अधिक भार येतो, पायऱ्या चढताना तो तिपटीच्या वर जातो आणि उतरताना जवळजवळ साडेतीन पट होतो. म्हणजे सत्तर किलो वजनाच्या माणसाचा गुडघा गड उतरताना प्रत्येक पायरीला सुमारे दोनशे चाळीस किलो भार पेलत असतो. म्हणूनच झीज सुरू झाली की पहिली तक्रार बहुधा उतारावर उमटते.

गड टाळण्याचे मात्र कारण नाही. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, एवढे पथ्य पाळले तरी फरक जाणवतो. वजन अधिक असेल तर ते उतरवण्याचा लाभ याच गणितातून कळतो. स्थूल व्यक्तींच्या एका अभ्यासात एक किलो वजन घटले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे दिसले आहे. दिवसाकाठी पडणाऱ्या हजारो पावलांशी त्याचा गुणाकार आपणच करून पाहावा.

यवतेश्वरच्या घाटात पहाटे धावणारी तरुण मंडळी दिसतील. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनने या रस्त्याला नवी ओळख दिली आहे. धावण्याने गुडघे झिजतात, हा समज घरोघरी आहे. परंतु हौसेने, बेताने धावणाऱ्या निरोगी माणसात तसे घडते असे अभ्यास सांगत नाहीत. अकाली झीज होते ती मुख्यतः वेगळ्या कारणांनी.

अकाली झीज कशाने?

साताऱ्याचे रेल्वे स्थानक शहराबाहेर, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुलीच्या बाजूला आहे. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर अशी स्थानके मागे टाकत गाडी कराडला येते. कराडजवळचे गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचे गाव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. या पट्ट्यात तालीम, कबड्डी आणि शिवारातली अवजड कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. विशीत आखाड्यात किंवा मैदानावर गुडघा पिळवटतो, आतला लिगामेंट तुटतो किंवा गादी फाटते, लेप लावून, पट्टी बांधून दिवस काढले जातात आणि दहा-वीस वर्षांनी तोच गुडघा झिजलेला आढळतो. घरातल्या तरुणाचा गुडघा मुरगळल्यानंतर मध्येच अडकत असेल किंवा ‘निसटल्यासारखा’ वाटत असेल, तर तेव्हाच तज्ज्ञांना दाखवणे हा वीस वर्षांनंतरच्या शस्त्रक्रियेवरचा उपाय ठरू शकतो.

दुसरे कारण आमवाताचे. सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास सांधे आखडलेले राहत असतील, गुडघ्यांबरोबर बोटांचे सांधे, मनगटे सुजत असतील, थकवा किंवा कणकण वाटत असेल, तर ती केवळ झीज नसावी. हा आजार स्त्रियांत अधिक आढळतो आणि तिशी-चाळिशीतही गाठतो. अशा वेळी आधी संधिवाततज्ज्ञाकडे जावे. योग्य औषधे वेळेवर सुरू झाली, तर सांधा नष्ट होण्याची वाट रोखता येते. थेट शस्त्रक्रियेची चौकशी करण्यात हा मोलाचा काळ निघून जातो.

तिसरे कारण पायांच्या ठेवणीचे. आपल्याकडे अनेकांचे पाय गुडघ्यापाशी बाहेरच्या अंगाला धनुष्यासारखे वाकलेले असतात. मग सारा भार गुडघ्याच्या आतल्या कप्प्यावर पडतो आणि तोच आधी झिजतो. बाकीचा गुडघा शाबूत असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. मिरजेला पोहोचल्यावर तिचे महत्त्व कळेल.

सांगलीची बैठक

किर्लोस्करवाडी, भिलवडी मागे पडले की उसाचे आणि द्राक्षांचे हिरवे पट्टे लागतात आणि सांगली येते. या जिल्ह्याच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद म्हटली की डोळ्यांपुढे बाजारातली पिवळीधमक रास येते. त्या राशीमागे मात्र शेतात उकिडवे बसून कंद वेचणाऱ्या आणि गड्डे मोडणाऱ्या बायांचे तासन्‌तासाचे श्रम असतात. कृष्णेच्या घाटावर धुण्याला वाकलेल्या बाया, गणपती मंदिरात मांडी घालून बसलेली वृद्ध मंडळी, पंगतीला जमिनीवर टेकणारे पाहुणे. साताऱ्याचा उतार गुडघ्याची ताकद मागतो, सांगलीची बैठक त्याचा वाक मागते.

कृत्रिम सांध्याचा विचार करताना हा फरक डोळ्यांआड होतो. नेहमीच्या बदललेल्या गुडघ्याचा वाक साधारणपणे ११० ते १२५ अंशांपर्यंत मिळतो. खुर्चीवरून उठणे, जिना चढणे, सायकल चालवणे यांना तो पुरतो. उकिडवे बसायला याहून पुष्कळ अधिक वाक लागतो. काहींना तो जमतोही. पण सांधा टिकावा म्हणून बहुतेक शल्यचिकित्सक उकिडवे बसणे, गुडघे टेकणे आणि मांडी घालणे टाळायला सांगतात.

सत्तरीतल्या आजोबांना हे पथ्य फारसे जड जात नाही. शेतावर जाणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या बाईला विचारा! तिची वेदना जाईल, पण खाली बसून करायची कामे परत मिळतीलच असे नाही. शस्त्रक्रियेनंतर शंभरातील दहा ते वीस जण निकालाबाबत असमाधानी राहतात आणि तरुण रुग्णांत ही नाराजी अधिक आढळते. त्याचे एक मोठे कारण अपेक्षा हे आहे. म्हणून ‘दुखणे थांबेल का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘माझ्या दिवसातली कोणती कामे मला करता येतील?’ हेही विचारा आणि ती कामे एकेक करून सांगा.

मिरजेतला हिशेब

सांगलीहून मिरज हाकेच्या अंतरावर. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन रुग्णालय उभारले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि आज कोकणापासून कर्नाटकाच्या सीमाभागापर्यंतचे रुग्ण या गावाची वाट धरतात. मिरजेची दुसरी ओळख सतार-तंबोऱ्यांची. तारांनी घोडीवर खाचा पडल्या आणि नाद बिघडला, की कारागीर ‘जवारी’ काढतो, म्हणजे घोडीचा माथा घासून पुन्हा जुळवतो. वाद्य पुन्हा बोलू लागते. पण प्रत्येक घासणीत घोडीची थोडी जाडी जाते.

कृत्रिम गुडघ्याचेही असेच आहे. पहिल्या शस्त्रक्रियेत हाडाचा थर कापून धातूचा आणि प्लॅस्टिकचा सांधा बसवतात. तो सैल झाला किंवा झिजला, तर फेरशस्त्रक्रियेत आणखी हाड खर्ची पडते. ती अधिक अवघड असते आणि तिचा निकाल पहिल्याइतका चांगला नसतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षे टिकतात. हा आकडा दिलासा देणारा आहे. परंतु त्याच नियतकालिकातल्या २०१७ च्या ब्रिटिश अभ्यासात सत्तरीनंतर शस्त्रक्रिया केलेल्यांना आयुष्यात फेरशस्त्रक्रिया लागण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास, तर पन्नाशीच्या आरंभी केलेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत आढळली. स्त्रियांत प्रमाण कमी होते.

ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे मुंबईत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले, तेव्हा ही शस्त्रक्रिया घराघरात चर्चेला आली. तेव्हा वाजपेयींनी पंचाहत्तरी गाठलेली होती. पंचेचाळिशीतल्या माणसाने त्यांच्या उदाहरणावर आपला हिशेब मांडू नये.

याचा अर्थ तरुणपणी शस्त्रक्रिया करूच नये, असा मुळीच नाही. केवळ वय कमी आहे म्हणून कोणाला सांधा बदलण्याच्या सल्ल्यापासून वंचित ठेवू नये, असे ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. रात्रीची झोप वेदनेने मोडत असेल, काही महिने नेटाने केलेला व्यायाम, वजनावरचा ताबा आणि औषधे यांनी गुण नसेल, एक्स-रेमध्ये सांध्यातली फट नाहीशी झाली असेल आणि रोजगारच थांबला असेल, तर ‘साठीपर्यंत थांबा’ हा सल्ला क्रूर ठरतो. थांबण्यालाही किंमत असते. मांडीचे स्नायू वाळतात, पाय वाकडा होत जातो, हालचाल घटून वजन आणि रक्तातली साखर वाढते.

मघाशी सांगितलेला एका कप्प्याच्या झिजेचा मुद्दा इथे कामी येतो. फक्त आतला कप्पा झिजला असेल आणि पाय धनुष्याकृती असेल, तर नडगीचे हाड कापून पायाची रेषा सरळ करता येते. आपला नैसर्गिक सांधा तसाच राहतो आणि कष्टाची कामेही पुष्कळांना करता येतात. तरुण, कामकरी रुग्णासाठी हा विचारात घेण्याजोगा मार्ग आहे. दुसरा पर्याय अर्धा गुडघा बदलण्याचा. त्यात हाड कमी जाते आणि माणूस लवकर सावरतो. मात्र २५ वर्षे टिकण्याचे प्रमाण सुमारे ७० टक्के आहे. आपल्याला कोणता मार्ग लागू पडतो, हे उभे राहून काढलेल्या, कमरेपासून घोट्यापर्यंतच्या एक्स-रेवरून ठरते. झोपून काढलेल्या चित्रावर एवढा मोठा निर्णय घेऊ नये.

निर्णयापूर्वी

खर्चाची माहिती आधीच घ्यावी. कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्र शासनाने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. त्या वेळी नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत करांखेरीज ५४,७२० रुपये ठरली. दर पुढे बदलत असतात, म्हणून आजचा दर, सांध्याचे नाव आणि रुग्णालयाचा शस्त्रक्रियेचा खर्च वेगवेगळा लिहून मागावा. शासकीय योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रांना विचारावे.

तज्ज्ञांना पाच प्रश्न अवश्य विचारा. माझा आजार झिजेचा की आमवाताचा? झीज एका कप्प्याची की सर्व गुडघ्याची? हाड सरळ करणे किंवा अर्धा गुडघा बदलणे मला चालेल का? पुढे फेरशस्त्रक्रिया लागली तर ती इथे होते का? आणि आणखी सहा महिने व्यायामाने काढले, तर माझे काही नुकसान होईल का? उत्तरांनी समाधान झाले नाही, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात संकोच नको.

सांगलीत संध्याकाळ मोकळी असेल, तर हरिपूरला जा. तिथे कृष्णा आणि वारणा एकमेकींना भेटतात आणि वाट सपाट आहे. घड्याळ लावून चालू लागा. किती मिनिटांनी गुडघा थांबायला सांगतो, थांबल्यावर दुखणे किती वेळात ओसरते आणि रात्री ते पुन्हा उठते का, हे कागदावर टिपून ठेवा. महिनाभर घरच्या सपाट रस्त्यावर हीच नोंद करत राहा आणि तज्ज्ञांना भेटायला जाताना तो कागद एक्स-रेबरोबर न्या. जन्मदाखल्यावरच्या वयापेक्षा त्या नोंदीवरून त्यांना तुमच्या गुडघ्याची अवस्था अधिक नेमकी कळेल.