माळ्यावरचा सर्व्हर

शनिवार, 6 जुलै 2013

सर्व्हर अखेर माळ्यावर गेला. जुनाच टॉवर, आत दोन नव्या डिस्क. विंडोज होम सर्व्हर 2011 गेल्या महिन्यात टाकलं, तेव्हापासून टेबलाखाली घरघरत होता. हिच्या पायाला लागायचा. आता वर, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. केबल चौकटीच्या कडेने राउटरपर्यंत उतरवली. यंत्राला नाव दिलं 'माळा'.

हिच्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये नाव, तिरकी रेघ, कनेक्ट. पान उघडलं, कनेक्टर उतरला, सर्व्हरचा पासवर्ड विचारला, चहा निवायच्या आत जोडणी झाली. लेकीच्या लॅपटॉपचंही तसंच. दोन्हींवर विंडोज 7.

बाबांचा पीसी उद्या. हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच आहे.

रविवार, 7 जुलै

बाबांकडे एक्सपी. सर्व्हिस पॅक 3 आहे, म्हणजे कनेक्टरला चालायला हवं. डॉट नेट 4 पण सापडलं, मेकॅनिकने कधीतरी टाकलेलं.

पीसी सुरू होताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते. वाचायच्या आत बाबांचं बोट एफ-वनवर पडतं. का दाबता? "दाबल्याशिवाय पुढे जात नाही." मग कोपऱ्यातल्या घड्याळावर डबल क्लिक. मनगटावरच्या एचएमटीत बघून तास, मिनिटं, सेकंद लावतात. रोज सकाळी. तार खात्यात जन्म गेला, मिनिट चुकलेलं खपत नाही.

मी बसलो. सर्व्हरचं नाव टाकलं. पान सापडत नाही.

सोमवार, 8 जुलै

नावाने पिंग केलं की गप्प. आकड्याने केलं की चारही उत्तरं येतात, एक मिलिसेकंदाच्या आत. म्हणजे तार शाबूत आहे, पत्ता कुणी सांगत नाही एवढंच. होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ घातली, आकडा आणि पुढे नाव. पान उघडलं.

कनेक्टर उतरला. पासवर्ड दिला, पटला. हिरवी पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली आणि पाटी आली: अनपेक्षित त्रुटी.

बाबा पाठीशी उभे होते. "काय अपेक्षा होती तिची?"

मंगळवार, 9 जुलै

फायरवॉल बंद करून पाहिलं. तीच पाटी. अँटिव्हायरस बंद करायला गेलो तर तो म्हणतो परवाना अजून सुरू व्हायचा आहे. पैसे मार्चमध्ये भरलेत. पावती आहे.

बुधवार, 10 जुलै

ऑफिसात विचारलं, पेनड्राइव्हवर कॉपी का नाही करत? होती की. लेकीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी तो पेनड्राइव्ह पुसला. बाबा तिला काही बोलले नाहीत. मला बोलले.

आणि नुसत्या फाइली उचलून भागत नाही. बाबांचं सगळं लेखन जुन्या मराठी फॉन्टात आहे, युनिकोडच्या आधीच्या. माझ्या लॅपटॉपवर उघडलं की कंस, टक्के आणि डॉलरची चिन्हं. फॉन्टची सीडी हरवली, देणारं दुकान उठलं. कीबोर्ड टाइपरायटरच्या पद्धतीचा, तोच त्यांच्या बोटांना येतो. म्हणून अख्खं यंत्रच जपायला हवं. होम सर्व्हर तेच करतो. पूर्ण डिस्कची प्रत ठेवतो. उद्या डिस्क गेली तर नवी घालायची, सीडीवरून सुरू करायचं आणि सर्व्हरकडून सगळं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. फॉन्टासकट.

तार खात्याच्या आठवणी लिहितायत. साताऱ्यापासून सुरुवात, मोर्सची किल्ली, साउंडर, मग टेलिप्रिंटर. मी फक्त पहिलं प्रकरण वाचलंय, छापून दिलं होतं म्हणून. चांगलं लिहितात. विशेषणं जवळजवळ नाहीत. शब्दागणिक पैसे मोजून घेणाऱ्यांची भाषा.

गुरुवार, 11 जुलै

देखभालीचा गुरुवार. संध्याकाळपर्यंत वीज नाही. माळाही झोपला.

तारसेवा सोमवारपासून बंद. रविवारी शेवटची तार घेणार. बाबांनी बातमी कापून ठेवली. 1855 साली लोकांसाठी सुरू झाली, असं त्यात आहे. "बरोबर आहे," म्हणाले, जणू तपासायला दिलं होतं.

शुक्रवार, 12 जुलै

सगळ्यांचा सल्ला एकच: विंडोज पुन्हा टाका. दाढ दुखली की काढा म्हणणारेही हेच. फॉन्ट गेला तर पुस्तक गेलं, हे कुणाला सांगत बसू?

अर्धवट बसलेलं काढलं, पुन्हा बसवलं. अनपेक्षित त्रुटी. आता ती चांगलीच अपेक्षित झाली आहे.

शनिवार, 13 जुलै

लॉग सापडला. क्लायंटडिप्लॉय नावाची फाइल, फोल्डरात फोल्डर, खूप आत. नोटपॅडमध्ये उघडली. दोनेकशे ओळी. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी चौकटी कंसात एक आकडा, मग सहा आकडे, टिंब, पुन्हा सहा आकडे. दुसरे सहा म्हणजे वेळ. 183512, साडेसहा वाजून गेले होते तेव्हा, बरोबर. पहिले सहा सगळीकडे 020101. कशाचे ते कळत नाही.

शेवटाकडे सर्टिफिकेटबद्दल काही आहे. वाचायला बसलो तोच हिची बहीण आणि मंडळी आली. फाइल लॅपटॉपवर घेतली. खोलीतून निघताना बाबांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. रोज करतात.

रविवार, 14 जुलै

बाबांना तार ऑफिसात नेलं. ही रांग. कॉलेजची पोरं, मोबाइलवर फोटो काढत. पहिली आणि शेवटची तार एकाच दिवशी करणारी पिढी. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. फॉर्म मोठ्या अक्षरात, न खोडता भरला. पत्ता पंढरपूरचा, तेवढा दिसला. मजकुरावर डावा हात आडवा धरला होता.

खिडकीतल्या मुलीने शब्द मोजले. बाबांनी मनात आधीच मोजले असणार, सुटे पैसे तयार होते.

परत येताना रिक्षात बोलले नाहीत. घरी आल्यावर पीसी लावून बसले.

सोमवार, 15 जुलै

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लॉग पुन्हा काढला.

020101. वर्ष, महिना, दिवस.

संध्याकाळी बाबांच्या घड्याळावर डबल क्लिक केलं. एक्सपीच्या पट्टीवर नुसती वेळ दिसते. खिडकी उघडल्यावर कॅलेंडर. 1 जानेवारी 2002. त्यांचं फोल्डर तपशिलासकट उघडलं: सातारा, सोलापूर, मिरज, पंढरपूर, सगळी प्रकरणं 1 जानेवारी 2002 रोजी लिहिलेली. काही सकाळी, बरीचशी दुपारी चारनंतर.

"वेळ बरोबर आहे की," बाबा म्हणाले.

सर्व्हर आपलं सर्टिफिकेट आपणच तयार करतो, बसवल्या दिवशी. तारीख जून 2013. जोडायला येणारं यंत्र ते तपासतं. यंत्राच्या हिशेबी 2002 चालू आहे, मग ते म्हणणारच, हे अजून लागूच झालेलं नाही. पासवर्ड कितीही बरोबर असो.

इंटरनेटवरून वेळ जुळवायचं बटण दाबलं. नकार. तारखेत इतका फरक असेल तर सुरक्षेसाठी जुळवत नाही म्हणे. हेही ठीकच.

उद्या सकाळी एफ-वन मी दाबणार. आधी वाचून.

मंगळवार, 16 जुलै

'सीमॉस' आणि 'बॅटरी' हे दोन शब्द पुरले. कॅबिनेटचं झाकण काढलं. आत धुळीचं अस्तर, पंख्याच्या जाळीवर कापूस. खालच्या कोपऱ्यात चपटा गोल सेल, सीआर 2032. टोकाने खटका दाबला, उडून बाबांच्या पायाशी पडला. मीटर लावला. तीन व्होल्टचा सेल, एकही भरेना. भिंतीवरचं बटण चालू असेतो यंत्राला तारीख आठवते, बंद केलं की विसरतं.

घड्याळजीकडे मिळाला, तीस रुपये. बाबा सोबत आले. तोच सेल वजनकाट्यात असतो, असं घड्याळजी म्हणाला. बाबांनी दोन घेतले.

तारीख, वर्ष, वेळ भरली. बटण बंद. दहा मिनिटं थांबलो. बटण चालू. काळ्या पडद्यावर ओळ नाही, बाबांचं बोट तरीही एफ-वनवर.

अँटिव्हायरसचा परवाना सुरू झाला. मागच्या अकरा वर्षांचं एकदम मागायला लागला.

बुधवार, 17 जुलै

कनेक्टर बसला. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली, थांबली, मग शेवटपर्यंत गेली. नाव विचारलं तेव्हा बाबांनी स्वतः टाइप केलं, तार-1.

आता बटणाचा प्रश्न. बॅकअप मध्यरात्रीनंतर होतो. रात्रभर वीज चालू? "वायरिंग जुनं आहे." वायरिंग 2006 चं. शेवटी तडजोड: जेवायला बसताना बॅकअप हाताने सुरू करायचा, संपला की बटण बंद. आज पहिलाच, म्हणून वेळ लागला. चाळीस जीबीची डिस्क, निम्मी भरलेली. पुढच्या वेळी फक्त बदललेला भाग जाईल. बाबा वामकुक्षीच्या खुर्चीत जागे बसून राहिले. साडेअकराला माझ्या दारावर टकटक. "गेलं. पोच आली."

गुरुवार, 18 जुलै

पंढरपूरहून बाबांना फोन. तार पोचली. बराच वेळ बोलले, दार लोटून.

बॅकअप सात मिनिटांत.

शुक्रवार, 19 जुलै

आषाढी. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ. टीव्हीवर महापूजा. एरवी या दिवशी बाबा पंढरपूरच्या तार ऑफिसातल्या यात्रेच्या ड्युटीचं सांगतात: जादा माणसं, रात्रपाळी, हरवलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी तारा. आज नाही.

दुपारी लिहायला बसले, पण किल्ल्यांचा आवाज नव्हता.

शनिवार, 20 जुलै

बाबांनी विचारलं, वर नेमकं काय काय असतं? लॅपटॉपवर दाखवलं. तार-1, बुधवारची रात्र, त्यांचं फोल्डर. यादीवरून बोट खाली आणलं आणि पंढरपूरवर थांबले.

"हे मी काल पुसलं."

म्हटलं, चुकून पुसलेलं परत आणता यावं म्हणूनच तर हे.

"चुकून नाही पुसलं."

मग थोडं थांबून: तारेतला मजकूर बाहेर सांगणं गुन्हा आहे, 1885 चा कायदा. ज्याची तार होती त्याने परवा फोनवर हो म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. म्हटलं, बाबा, तार बंद झाली.

"तार बंद झाली. कायदा आहे."

बॅकअपमधून एकटी फाइल काढता येत नाही. काढायची तर ती रात्रच्या रात्र काढावी लागते. आधी आजचा ताजा बॅकअप घेतला, बाकीची प्रकरणं सुटू नयेत म्हणून. मग बुधवार आणि गुरुवारवर खूण केली: पुढच्या साफसफाईत काढा. साफसफाई आठवड्यातून एकदा होते. तोवर वर आहे, हे सांगितलं. त्यांनी मान डोलावली, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि झोपायला गेले.

ही म्हणते, वाचलंत का?

फॉन्ट कुठाय माझ्याकडे, म्हटलं.