पहिल्या पानावरचा शिक्का

शिक्षकाने मुलांच्या चुका काढायच्या अशी रीतच आहे. आज मात्र मी माझीच एक चूक तुम्हाला सांगणार आहे. आई-बाबांनी वाचली तरी हरकत नाही. खरं तर त्यांनी वाचावीच.

मी पडेगावच्या एका प्राथमिक शाळेत शिकवतो. छत्रपती संभाजीनगरातून छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की आमचं पडेगाव. शहर जवळच, पण गोष्टीचं पुस्तक हवं असेल तर औरंगपुऱ्यात जावं लागतं. रिक्षाचे पैसे वेगळे, पुस्तकाचे वेगळे. आमच्याकडचे बरेच पालक रोजंदारीवर जाणारे. तेव्हा मुलांची सगळी भिस्त शाळेतल्या कपाटावर.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि आमचा वर्ग व्हॉट्सॲपवर भरू लागला. कविता, गणितं, चित्रं, सगळं तिथंच. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मिळत होती, तीही मी पाठवत होतो. त्याच दिवसांत शाळेच्या कपाटात एक पातळसं पुस्तक हाती लागलं. गमतीच्या गोष्टींचं. लेखक आपल्याच शहरात राहणारे एक निवृत्त शिक्षक. मी रात्री बसून एकेक पान मोबाइलने टिपलं. चौसष्ट पानं! पीडीएफ केली आणि ग्रुपवर टाकली.

दुसऱ्या दिवशी काय कौतुक झालं म्हणता! "सर, पोरगं एकटंच बसून हसतंय." "सर, आजीला पण वाचून दाखवलं." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. कोणी तरी विचारलं, "मावशीच्या पोरांना पाठवू का?" मी म्हणालो, "पाठवा की! वाचनाने कोणाचं वाईट होतं?"

पुढे शाळा सुरू झाल्या. १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन असतो. एका वर्षी त्या दिवशी मी त्याच लेखकांना शाळेत बोलावलं. साधा पांढरा शर्ट, खांद्याला शबनम, बोलणं अगदी हळू. मुलं त्यांना लगेच 'आजोबा' म्हणू लागली. त्यांनी एक गोष्ट सुरू केली, तर पुढचं वाक्य मुलंच म्हणायला लागली! आजोबा थक्क झाले. मग मुलांनी गलका केला, "दुसरं पुस्तक कधी काढणार?" आजोबा नुसते हसले.

शेवटी सह्यांसाठी गर्दी झाली. कोणी वही पुढे केली, कोणी तळहात. चौथीतली एक मुलगी घरून मुद्दाम आईचा मोबाइल घेऊन आली होती. त्यावर पुस्तकाचं पहिलं पान उघडून म्हणाली, "आजोबा, माझ्याकडे तुमचं पुस्तक आहे. इथं सही द्या ना." आजोबांनी पेन उघडलं, मोबाइल हातात घेतला आणि थांबले. काचेवर सही करायची कशी? मग त्यांनी तिची वही मागून घेतली.

चहा घेताना ते मला म्हणाले, "गुरुजी, हे मला आधीच आलं होतं. नांदेडच्या भाच्याने पाठवलं. म्हणाला, मामा, तुमचं पुस्तक फार फिरतंय. पहिल्या पानावर तुमच्या शाळेच्या ग्रंथालयाचा शिक्का आहे. आणि कडेला कोणाचा तरी अंगठा."

अंगठा माझा होता. चहाचा घोट घशाखाली जाईना.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पोरं हसली, फार बरं वाटलं हो. पण मी पदरचे पैसे घालून हजार प्रती छापल्या. त्यांतल्या सहाशे अजून पलंगाखाली आहेत. दुसरं पुस्तक लिहून तयार आहे. आता प्रेसवाल्याला काय देऊ?"

रात्री झोप लागेना. मनाची समजूत घालायला म्हणून मी कायदा शोधला. आपला प्रताधिकार कायदा, म्हणजे कॉपीराइटचा कायदा, १९५७चा. त्यात शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने नक्कल काढली तर चालते, अशी सवलत आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर मोठमोठ्या प्रकाशकांनी खटला भरला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही सवलत मानली आणि निकाल प्रकाशकांच्या विरोधात दिला. वाचून मला हायसं वाटलं. पण किती वेळ? माझी मुलं त्या पुस्तकातला धडा शिकत नव्हती. मी अख्खं पुस्तकच सोडून दिलं होतं, ते नांदेडपर्यंत गेलं. कायद्याचं ते पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे पडत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं सांगितलं. मुलं गप्प झाली. मग मागच्या बाकावरून एक हात वर आला. "सर, आपल्या शाळेत पुस्तक एकच. आम्ही चाळीस जण पाळीपाळीने वाचलं, तरी आजोबांना पैसे एकाचेच ना? मग फरक काय?"

आता बोला! मला पटकन उत्तर सुचेना. थोडा विचार करून म्हणालो, "तू पुस्तक घरी नेलंस की ते माझ्याकडे नसतं. मला थांबावं लागतं. थांबवत नसेल तर मी नवीन आणतो. वापरून वापरून ते फाटतं, मग शाळेला दुसरं घ्यावं लागतं. पीडीएफ तुला दिली तरी माझ्याकडे राहतेच, फाटत नाही, आणि एका रात्रीत हजार होतात." त्याचं अर्धंच समाधान झालं. माझंही पाऊण झालं असेल.

फुकट मिळतं ते सगळं चोरीचंच, असंही नाही बरं का. बालभारती आपली पाठ्यपुस्तकं स्वतःच फुकट देते. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही तिने इंटरनेटवर ठेवले आहेत. त्या दिवशी फळ्यावर आम्ही एक गणितही केलं. लेखक गेल्यानंतर पुढच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची. तोवर हक्क त्याच्या वारसांचा किंवा ज्यांना दिला असेल त्यांचा, नंतर पुस्तक सगळ्यांचं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. म्हणजे 'श्यामची आई' १ जानेवारी २०११ पासून तुमचं-माझं. 'फास्टर फेणे' लिहिणारे भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले. मुलांनी बोटं मोजली आणि ओरडली, "१ जानेवारी २०६२!" "बापरे, तेव्हा तर आम्ही सरांपेक्षा म्हातारे!"

मग त्यांनी माझीच शाळा घेतली. "सर, तुम्ही 'सैराट' कुठं पाहिला?" हा सिनेमा २९ एप्रिल २०१६ला लागला. थिएटरला गर्दी असतानाच त्याची चोरटी प्रत मोबाइलवर फिरत होती. मोबाइलच्या दुकानात थोडे पैसे टाकले की मेमरी कार्डात गाणी-सिनेमे भरून मिळत. मी दोन्ही केलं होतं. आधी कार्डावर, मग थिएटरात. थिएटरातलं आधी सांगितलं, हे कबूल करतो.

ग्रुपवरची पीडीएफ सगळ्यांसाठी पुसायला गेलो, तर मुदत केव्हाच संपलेली. फक्त माझ्या मोबाइलवरून गेली. मग पालकांना झाला प्रकार लिहिला. एक वडील रिक्षा चालवतात. त्यांनी लिहिलं, "सर, पुस्तक ऐंशी रुपयांचं. माझी तीन पोरं. तुम्ही पाठवलं नसतं तर त्यांना ते दिसलंच नसतं." त्यांचं खोटं नव्हतं. मी म्हणालो, विकत घेऊ नका, शाळेतून न्या. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून आजोबांकडून दहा प्रती आणल्या. सहाशेतल्या दहा. भिंतीवर पाळीची यादी लावली. त्या रिक्षावाल्या भाऊंनी आठवड्याने मुलाच्या हाती ऐंशी रुपये पाठवले. मी काही विचारलं नाही, अकरावी प्रत आणून दिली.

दुसऱ्या पुस्तकाचं अजून काही जमलेलं नाही. मुलं विचारतात, मी आजोबांना फोन करतो, ते म्हणतात, "बघू."

परवा माझ्या बहिणीच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणी तरी एक पीडीएफ टाकली. तिने कौतुकाने मला पुढे पाठवली, "दादा, तुझ्या शाळेतल्या मुलांना दे, फार छान गोष्टी आहेत." मी उघडली. पहिल्या पानावर आमच्या शाळेचा शिक्का, आणि कडेला माझा अंगठा.