लेकीचं कॉलेज पाहायला बडोद्याला

बारावीची परीक्षा आटोपते न आटोपते तोच घरोघर विषय निघतो, "आई, मी बाहेर शिकायला जाऊ?" बाहेर म्हणजे पुणं असेल तर आपण फारसं बोलत नाही. पण राज्याबाहेरचं नाव निघालं, की पोटात गोळा येतोच. आमच्या वर्तकनगरच्या घरातही तेच झालं. लेकीला चित्रकला शिकायची, आणि तीही बडोद्याला! जे. जे. काय वाईट आहे? ठाण्याहून लोकलने तासाभरात पोचते, संध्याकाळी घरी जेवायला. त्यावर तिचं म्हणणं, "आधी बघून तर येऊ!" रोज ताटावर वाद घालण्यापेक्षा दोन दिवस आणि दोन तिकिटं परवडली.

बडोदं आपल्याला वाटतं तेवढं लांब नाही, बरं का. कॅडबरी जंक्शनवरून घोडबंदर रोडने बोरिवली गाठायची आणि तिथे गाडी पकडायची. मुंबई सेंट्रलपासून अंतर ३९२ किलोमीटर, लवकरची गाडी धरली तर दुपारच्या आत तुम्ही तिथे. फक्त घोडबंदर रोडसाठी हाताशी भरपूर वेळ ठेवा!

स्टेशनाबाहेर पडलं, की विद्यापीठ चालण्याच्या अंतरावर आहे. जुन्या बडोदा कॉलेजची ही इमारत, कॉलेज १८८१ सालचं. तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देतो. ज्यांचं नाव विद्यापीठाला आहे ते सयाजीराव महाराज आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १९४९ साली विद्यापीठ झालं आणि पहिल्या कुलगुरू झाल्या हंसाबेन मेहता. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाचे शब्द होते, ते बदलून 'सर्व माणसं' करायला लावणाऱ्या त्याच. हे कळल्यावर मला त्या आवारात जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू!

ललितकला विभाग १९५० चा. सुरुवातीच्या शिक्षकांत ना. श्री. बेंद्रे होते. वर्षअखेरीला तिथे विद्यार्थ्यांच्या कामांचं प्रदर्शन भरतं. शक्य असेल तर तेव्हाच जा. माहितीपत्रकात सगळीच कॉलेजं छान दिसतात, मुलं काय करतात ते मात्र भिंतीवर दिसतं. शिल्पांच्या बाजूला लेक जी उभी राहिली, ती चहाचंही विसरली. तिथल्या एका मुलाला विचारून घेत होती, माती कोणती, भट्टी कुठे. मी मुद्दाम लांब थांबले. आपण तोंड उघडलं, की मुलं गप्प होतात.

माझे प्रश्न वेगळे होते. ऑफिसात नियम कळतात, पण राहणं कसं असतं ते तिथे राहणाऱ्या मुलींनाच विचारावं. पाणी किती वाजता येतं, रात्री फाटक कधी बंद होतं, आजारी पडलं तर कोण येतं, जागा मिळाली नाही तर बाहेर खोलीचं भाडं किती? वसतिगृहात जागा मिळेलच असं धरून चालू नका. सरकारी विद्यापीठाची फी एकवेळ झेपते, खरा खर्च खोली आणि जेवणाचा. नाशिकची एक मुलगी भेटली. म्हणाली, "काकू, पहिला महिना रडू येतं, मग रडायला वेळच नसतो." मला त्या उत्तराने धीरही आला आणि घसाही दाटला.

कागदांचं मात्र आधीच बघा. बारावीच्या बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. आपल्या राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या विद्यापीठात आरक्षणासाठी चालेल असं गृहीत धरू नका; बनारससारख्या केंद्रीय विद्यापीठात इतर मागासवर्गीयांना केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, आणि तिथल्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून देशभर एकच सामाईक परीक्षा असते. कलेच्या अभ्यासक्रमांना हाताची परीक्षा वेगळी.

जेवणाची काळजी नको. सेव उसळ म्हणजे आपल्या मिसळीची चुलत बहीणच. दांडिया बाजारात मराठीही कानावर पडतं.

परतीच्या गाडीत लेकीने पहिल्यांदाच मला विचारलं, "तुला काय वाटतं?" अर्ज दोन्हीकडे भरायचा, एवढंच ठरलं. वडिलांशी तिनेच बोलायचं. तुम्ही जाणार असाल, तर उन्हाळा टाळू नका. ऊन कडक असतं खरं, पण वसतिगृहाला पाणी पुरतं की नाही, ते तेव्हाच कळतं.